बाबांच्या शुगरच्या गोळीबद्दल

कुलाबा, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस सा. नमस्कार,

बाबा, तुमची मेटफॉर्मिन घेतली की म्हातारपण लांबतं का, असं विचारलंत. आणि आईचा नेहमीचा प्रश्न, या पोरीचं काम तरी काय? दोन्हींचं उत्तर एकाच प्लेटमध्ये आहे.

प्लेट सहा सेंटिमीटरची. आत आगर, म्हणजे आईच्या खोट्या खरवसातलं चायना ग्रास. त्यावर ई. कोलाय जिवाणूंचा ठिपका, आणि तो खाणारे ३० कृमी. सी. एलेगन्स, लांबी जेमतेम १ मिलिमीटर, २० अंशांवर आयुष्य दोन-तीन आठवडे. पहिले पाच-सहा दिवस प्लॅटिनमच्या तारेने एकेक उचलून रोज नव्या प्लेटवर न्यायचा. कारण एकेक जण तीनशेच्या आसपास अंडी घालतो, आणि पोरं वाढली की आई कोण, लेक कोण, कळत नाही.

मग दिवसाआड मोजणी, किती जिवंत, किती मेले. हलत नसेल तर तारेने हलकेच टोचायचं. तरी ढिम्म, तर मेला. पण काही प्लेटच्या भिंतीवर चढून सुकतात, काहींच्या पोटातच अंडी उबतात. हे म्हातारपणाचे मृत्यू नव्हेत. त्यांना वहीतून खोडायचंही नाही. त्या दिवसापर्यंत जिवंत होते, एवढं मांडायचं. नवशिके हमखास इथे घसरतात. काही प्लेटमध्ये औषध मिसळलेलं असतं; ते कुठल्या हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर टोचणारा हात पक्षपात करतो. मुंबईच्या जुलैत वर बुरशीचा ताप: झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं की चार दिवसांत प्लेटवर कापूस. इन्क्युबेटर बंद पडून पारा २५ वर गेला तर कृमी लवकर मरतात आणि अख्खा महिना वाया.

१९९३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ सिंथिया केनियन यांच्या गटाने डॅफ-२ हे एकच जनुक बिघडलेले कृमी दुप्पट जगतात असं दाखवलं. पण जनुकं तीच, खाऊ तोच, तरी एक कृमी दहाव्या दिवशी जातो आणि शेजारचा पंचविसाव्या. असं का, हे एका जनुकाकडे बघून सुटत नाही. हजारो जनुकं किती काम करतात याची मापं वयाप्रमाणे मांडून कुठला बिघाड कशाला ओढतो ते शोधायचं. आई, माझा अर्धा दिवस कॉम्प्युटरपुढे जातो तो यासाठी.

आता गोळी. मेटफॉर्मिनने कृमी जास्त जगले खरे. पण २०१३ साली लंडनच्या संशोधकांना आढळलं की औषध त्यांच्या खाऊवर, त्या जिवाणूंवर, काम करत होतं. जिवाणूंतली फोलेट (एक बी जीवनसत्त्व) आणि मेथिओनीन (प्रथिनांचा एक घटक) यांची उलाढाल बदलत होती. जिवाणूच काढून घेतल्यावर त्याच औषधाने आयुष्य उलट घटलं. शुगर नसलेल्या माणसांचं आयुष्य या गोळीने वाढतं, हे अजून सिद्ध नाही. तेव्हा शेजारच्या काकांना तुमच्या स्ट्रिपमधली देऊ नका.

तुमची मात्र चालू ठेवा, शुगरसाठी. वर्षानुवर्षं ती घेतल्यावर काहींचं बी-१२ उतरतं. पायाला मुंग्या त्यानेही येतात, शुगरनेही. रक्त तपासल्याशिवाय फरक कळत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना बी-१२ चं विचारा. आई, ही चिठ्ठी त्यांच्या खिशात तूच घाल.

तुमची,
मनू