सुध्यास पत्र : पंच्याहत्तरीतला ठसका

जर्सी सिटी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र पोचलं. वहिनींचा गुडघा, धाकटीची ॲडमिशन, बँकेतल्या त्या कारकुनाचा छळ, सगळं कळलं. त्यावर शेवटी लिहितो. आधी मधल्या दोन पानांचा समाचार घेतो. गौरव म्हणाला, "बाबा, तुमच्या गोंधळाच्या चालीत एक रॅपचा तुकडा टाकू," आणि तू म्हणालास, "माझ्या तेराव्याला टाक." अरे, पोटच्या पोराला असं तोडून बोलतात का? पोरगं तुझी ढोलकी मागतंय. बाकीच्यांची पोरं बापाचं वाद्य माळ्यावर टाकतात.

तुझं म्हणणं असं की, साठी जवळ आल्यावर माणसाने आपलं आपण वाजवावं, तरुण दिसायच्या नादात हसं करून घेऊ नये. यातला दुसरा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. पहिल्यावर भांडण आहे, आणि त्यासाठी मला क्युबाच्या गायिकेची, सेलिया क्रूझची, साक्ष काढायची आहे.

तू तिचं नाव ऐकलं नसशील. मीही इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं. माझ्या घरापासून उत्तरेला युनियन सिटीत बर्गनलाइन ॲव्हेन्यू नावाचा लांबच लांब रस्ता आहे. क्युबा सोडून आलेल्या लोकांनी तो एके काळी भरून टाकला होता. आजही बेकरीच्या खिडकीतून छोट्या कपात कडक, गोड कॉफी मिळते. तिथे तिच्या नावाची छोटी बागसुद्धा आहे. एका शनिवारी मी कॉफीसाठी रांगेत उभा होतो. आतल्या रेडिओवर एक गाणं लागलं आणि माझ्या पुढची आजी, हातात पावाची पिशवी, गळ्यात चष्म्याची दोरी, कंबर अशी काही हलवायला लागली की मागचा पोरगा मोबाइल खिशात टाकून तिच्याबरोबर नाचू लागला. दोघांनाही गाणं तोंडपाठ. आजीला गाणाऱ्या बाईचे शब्द, पोराला रॅपचे. कॉफीवालीने दोघांनाही थांबवलं नाही आणि रांगेतल्या कुणी कुरकुरही केली नाही.

ते गाणं 'ला नेग्रा तिएने तुंबाओ'. साल २००१. एक काळी बाई ठसक्यात, सरळ पुढे बघत चालते, आडवळणं घेत नाही, एवढाच विषय. रचना सर्हिओ जॉर्ज आणि फर्नांदो ओसोरियो यांची. साल्सा, म्हणजे क्युबाच्या तालांवरचं न्यूयॉर्कमध्ये घडलेलं नाचाचं संगीत, त्यात रेगे आणि हिप-हॉपचा ठेका, आणि रॅप करायला मिकी परफेक्तो नावाचा तरुण. गाणारी बाई त्या ऑक्टोबरात शहात्तर वर्षांची झाली! अर्थात हे तेव्हा लोकांना नेमकं ठाऊक नव्हतं, कारण वय ती कुणाला सांगायची नाही.

आता तू म्हणशील, म्हातारीला कंपनीने नाचवली. थांब. तिचा आधीचा हिशेब बघ.

जन्म १९२५ चा, हवाना शहरातला. वडिलांची इच्छा मुलीने मास्तरीण व्हावं. १९५० साली 'सोनोरा मातान्सेरा' या नावाजलेल्या बँडने आधीची लाडकी गायिका गेल्यावर हिला घेतलं, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओवर तक्रारीची पत्रं धाडली. ही कोण नवी, आम्हाला जुनीच पाहिजे. बँडचा प्रमुख रोहेलिओ मार्तिनेस हटला नाही. म्हणजे ज्या आवाजाला पुढे लोक 'खरी परंपरा' म्हणाले, तो आवाज आला तेव्हा लोकांना बाटगाच वाटला होता.

१९६० मध्ये बँडबरोबर ती मेक्सिकोला गेली ती कायमची. कास्त्रोच्या सरकारने परतीची वाट बंद केली. दोन वर्षांनी आई गेली, तर अंत्यविधीलाही जाऊ दिलं नाही. सुध्या, जुनं जसंच्या तसं जपायचा हक्क कुणाला असेल, तर तो असल्या माणसाला. गाव गेलं, आई गेली, हातात उरलं फक्त गाणं. ती ते काचेच्या कपाटात ठेवून रोज पुसत बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण झालं उलटं. साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कची पोरं तिच्या गाण्याकडे फिरकेनात, तेव्हा तिने त्या पोरांच्याच टोळीत प्रवेश केला. १९७४ मध्ये जॉनी पाचेको या दहा वर्षांनी धाकट्या साल्सावाल्याबरोबर रेकॉर्ड काढली आणि ती तुफान चालली. मग विली कोलोन, तो तर पंचवीस वर्षांनी लहान. १९९७ मध्ये वायक्लेफ जाँ या हिप-हॉपवाल्याच्या 'ग्वांतानामेरा'तही तिचाच आवाज आहे. त्यामुळे २००१ चं गाणं म्हणजे उतारवयात सुचलेला चाळा नव्हता. तिची रीतच ती होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. गाणं कानाला हेडफोन लावून ऐक, मोबाइलच्या डबड्यावर नको. साल्सामध्ये एक 'क्लावे' असते, दोन काठ्यांवर वाजणारे पाच ठोके, दोन आवर्तनांत वाटलेले, एकीकडे तीन आणि दुसरीकडे दोन. काठ्या वाजोत न वाजोत, पियानो, ब्रास म्हणजे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं, काँगा नावाचे उभे ढोल, गाणारा, सगळे मनात तेच धरून चालतात. आणि बेस बघ काय करतो. चार मात्रांचं आवर्तन धर. साल्साचा बेस बहुतेक वेळा समेवर येतच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध एक सूर, मग चौथ्यावर एक. चौथ्यावरचा तो सूर असतो पुढच्या आवर्तनातला. म्हणजे सम यायच्या आधीच तो सम देऊन मोकळा होतो आणि खुद्द समेवर गप्प बसतो. पाय उचलतात ते यामुळे. लग्गी वाजवताना तू समेला हुलकावणी देतोस ना, पण आवर्तनं मोजून शेवटी येतोस. हे लोक ती हुलकावणी प्रत्येक आवर्तनात देतात!

या गाण्यात त्याच्या शेजारी रेगे-हिप-हॉपचा ठोकळेबाज ठेका आणून बसवलाय. ठोकळेबाज हे वाईट अर्थाने म्हणत नाही, तो सरळ पायाशी ठोकतो एवढंच. सर्हिओ जॉर्ज स्वतः पियानोवाला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. त्याने नव्वदच्या दशकात 'डीएलजी' नावाच्या पोरांच्या गटाबरोबर हेच साल्सा-रेगे-रॅपचं मिश्रण करून बघितलं होतं. सेलियाकडे तो आला तो कच्चा माल घेऊन नाही. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते. बाईने कुठल्याही पोराला घरात घेतलं नाही, ज्याला क्लावे कळते अशालाच घेतलं.

आणि रॅप कुठे येतो बघ. कोरस एक ओळ धरून ठेवतो, आपल्याकडे झिलकरी धरतात तशी, आणि त्या ओळींच्या मध्ये सेलिया आयत्या वेळी सुचल्यासारखं गात जाते. ही साल्साची जुनीच चाल आहे. त्यात एक खिडकी उघडून पोराला बोलायला दिलंय. तो भराभर बोलतो, खिडकी मिटते, आणि बाई तिच्या जाडजूड, जवळजवळ पुरुषी आवाजात पुन्हा ताबा घेते. ती स्वतः एक शब्दही रॅप करत नाही. आवाज कोवळा करत नाही, इंग्रजी फेकत नाही, उच्चार हवानाचेच. तरुण दिसायचा प्रयत्न कुठे सापडला तर मला कळव. वयाची लाज नाही आणि वयाचा बडेजावही नाही.

अगदी निर्दोष गाणं आहे असं नाही हं. ब्रास मला जरा चकचकीत वाटतो, त्या काळातल्या स्टुडिओचा गुळगुळीतपणा आहे. सत्तरच्या दशकातल्या तिच्या रेकॉर्डींत जो घाम आहे तो इथे नाही. व्हिडिओ पोराबाळांत लावू नकोस, त्यात अंगावर फक्त रंग असलेली एक बाई रस्त्याने चालते. सेलिया मात्र डोक्यावर रंगीत विगचा डोंगर घेऊन मजेत.

हे गाणं ज्या अल्बममध्ये होतं त्याला संगीतातलं लॅटिन ग्रॅमी बक्षीस मिळालं, मग २००३ च्या फेब्रुवारीत मोठं ग्रॅमीही. तोवर तिच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. तरी त्यानंतर तिने आणखी एक अल्बम गाऊन पुरा केला आणि जुलैत गेली, इथेच न्यू जर्सीत, फोर्ट लीला. २०२४ मध्ये अमेरिकन टाकसाळीने तिचा चेहरा पाव डॉलरच्या नाण्यावर घातला आणि त्यावर तिची आरोळीही कोरली, 'आसुकार!', म्हणजे साखर. एक नाणं तुझ्यासाठी काढून ठेवलंय, दिवाळीला येताना आणतो.

तू म्हणशील, आपल्याकडे काय कमी आहे, आशाताईंनी सत्तरी ओलांडल्यावर क्रोनोस क्वार्टेटच्या व्हायोलिनवाल्यांबरोबर अख्खा अल्बम केला. बरोब्बर! मग त्यांना तू डोक्यावर घेतोस आणि गौरवला तेराव्याची तारीख देतोस, हे कुठलं गणित?

माझं ऐकायचं असेल तर एवढं कर. ढोलकी तू स्वतः, सगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजव. चार आवर्तनं वाजवून ती कॉम्प्युटरवर चिकटवायला देऊ नकोस, तिथे तू खरोखर मेलास. संबळ खरा आण. संगणकाचा ठेका पोराला टाकू दे, पण तो तुझ्या लयीला बांधून, तुझी लय त्याच्या मशीनला नव्हे. तुझी लय अंतऱ्यात जराशी पुढे सरकते, ते तसंच ठेव, गौरव दुरुस्त करायला बघेल, करू देऊ नकोस. रॅपला जागा दे पण मोजून दे. आणि जो पोरगा रॅप करणार आहे त्याला आधी एक रात्र गोंधळाला बसव. पहाटेपर्यंत टिकला तर घे, नाहीतर दुसरा बघ.

आणि तू स्वतः रॅप करणार नाहीस, हे मला लेखी पाहिजे.

वहिनींना म्हणावं गुडघ्याचं ऑपरेशन ठरत असेल तर माझ्या सुट्टीत ठरवा, हॉस्पिटलात रात्री बसायला मी आहे. धाकटीला कॉमर्सच घेऊ दे, तिला आवडतंय ते. बँकेच्या भानगडीत सगळं लेखी घे आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस.

गौरवचा नंबर मला पाठव. तुझ्यामार्फत निरोप दिला तर अर्धाच पोचेल, आणि तोही शिव्यांसकट.

तुझा,
विन्या