हत्ती उधळलाच पाहिजे

पुणे,
रविवार

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलावरच्या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळातला हत्ती उधळण्याचा नियम काढून टाकू, त्यानं डावाचा विचका होतो, असं तू परवा म्हणालास. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तो नियम काढायचा असेल, तर हत्ती टेबलावर मांडूच नकोस.

हत्ती म्हणजे रणगाडा नव्हे रे. घायाळ झाला, माहूत पडला, की तो कुणाचाच राहत नाही. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी अलेक्झांडरविरुद्ध लढताना पोरसाचे माहूत टिपले गेले आणि कोंडीत सापडलेल्या हत्तींनी आपलंच पायदळ तुडवलं. रोमनांविरुद्धच्या मेटॉरसच्या लढाईत (इ.स.पू. २०७) कार्थेजचा सेनापती हॅस्ड्रुबल याच्या माहुतांजवळ छिन्नी-हातोडा असे. हत्ती आवरेनासा झाला, की डोकं आणि मान जुळते तिथं छिन्नी धरून जोरात घाव घालायचा. ज्याच्या मानेवर बसून लढाईत आला, त्यालाच मारायचं! हे वाचल्यापासून हत्ती रंगवताना माझा सगळा जीव माहुताच्या हातात असतो.

मग राजे एवढी जोखीम का घेत? घोड्यांसाठी. न सरावलेला घोडा हत्तीच्या वासानंच बुजतो. अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस यानं चंद्रगुप्त मौर्याला मुलूख देऊन ५०० हत्ती घेतले ते उगाच नाही. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत सेल्यूकसचा शत्रू डेमेट्रियस घोडदळ घेऊन पाठलाग करत लांबवर गेला आणि मागे वळतो तर मध्ये सेल्यूकसचे हत्ती उभे. घोडे पुढे जाईनात. तिकडे त्याचा म्हातारा बाप अँटिगोनस एकटा पडला आणि भाल्यांखाली मेला. हत्तींनी तिथं नुसती वाट अडवली होती!

तू मात्र दर वेळी हत्ती मधोमध ठेवून थेट भालाफेक्यांवर सोडतोस. झामाच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलचे ८० हत्ती असेच गेले. रोमन सेनापती स्किपिओनं तुकड्यांमध्ये सरळ वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या, बरेचसे त्यातून आरपार निघून गेले. तेव्हा हत्ती बगलेला ठेव, समोरच्या घोडदळाच्या तोंडावर. सोबत हलके धनुर्धारी दे. आणि मागे आपलं पायदळ चिकटवू नकोस, उधळला तर पळायला जागा हवी.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठव. हत्तीनं कपाळानं धडक देऊ नये म्हणून तिथं केवढाले अणकुचीदार खिळे ठोकलेत. हत्तीला दुखतं, तो बिचकतो, हे ओळखूनच ते दार घडवलंय. आपल्या नियमांतही तेवढी समज हवी.

आणखी एक. पोरसाच्या हत्तींवर तू लावलेले लाकडी मनोरे काढ, ते पुढच्या काळातले. कानांच्या कडांना आणि सोंडेवर फिकट गुलाबी ठिपके दे. नुसत्या करड्या रंगानं भारतीय हत्ती दगडी दिसतो.

दिवाळीत ये, इप्ससच मांडू. हत्ती तुझे, अँटिगोनस मी घेतो. उधळण्याचा फासा मात्र राहील. घोडदळाचे किती बेस (सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या) आणतोस ते आधी कळव, म्हणजे उरलेले मी रंगवून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर