सूचना: बाईंच्या पहिल्या वर्षदिनाबाबत (पुण्यतिथीबाबत)

सर्व सभासदांस नमस्कार,

आपल्या बाई 91 वर्षं जगल्या. शाळेत शिकवलं, घर आणि मुलं सांभाळली, आणि आजाऱ्याला डबा किंवा मिन्यानला (ज्यू सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांच्या गटाला) दहावा माणूस मिळवून देण्याचं काम शेवटपर्यंत केलं. त्यांचा वर्षदिन नीट व्हायलाच हवा.

दिवस हिब्रू पंचांगाने धरायचा: हेश्वान महिन्याची 12 तारीख. या पंचांगात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. बाई सूर्यास्तानंतर गेल्या, म्हणून इंग्रजी तारखेवरून हिब्रू तारीख काढली की हमखास एक दिवस चुकतो. चोवीस तासांचा दिवा आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी लावावा, स्टीलच्या ताटात, पडद्यापासून लांब. कद्दीशला (मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेला) तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. नऊच आले तर बाईंच्या मुलांना कद्दीश म्हणता येत नाही, म्हणून येणाऱ्यांनी आधीच कळवावं.

मलिद्यासाठी (प्रार्थनेनंतर वाटायच्या गोड पोह्यांसाठी) 1 किलो जाडे पोहे, 2 नारळ, 400 ग्रॅम साखर, वेलची, सुका मेवा. पोहे फक्त धुऊन निथळावेत. पाण्यात राहिले की लगदा होतो. खोबरं आयत्या वेळी खवावं, मुंबईच्या उकाड्यात लवकर आंबतं. खजूर आणि केळी वेगळ्या ताटल्यांत ठेवा. खजूर झाडाचं फळ, केळं जमिनीचं, दोन्हींची बराखा (खाण्यापूर्वी म्हणायचा आशीर्वाद) निराळी.

शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ) कबरस्तानात जाऊ नये. कोहेन (पुरोहित घराण्यातल्या) मंडळींनी फाटकाबाहेरच थांबावं. कबरीवर लहान दगड ठेवावा, निघताना हात धुवावेत.

– व्यवस्थापक मंडळ