बझरचे मूळ शोधून देणाऱ्यांचे आभार
सर्व दारे नीट लावलेली असतानाही रात्री दिवे लावताच आमच्या जुन्या मोटारीत किंचाळू लागणाऱ्या बझरचे मूळ शोधून देणारे साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळील वायरिंगवाले काका आणि तेथे सहज थांबलेल्या अनोळखी ताई यांचे मनःपूर्वक आभार. बझरच उपटून टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटले होते. ‘दिवसा का वाजत नाही?’ हा ताईंचा प्रश्न मात्र नेमका होता. दिवे चालू ठेवून चालकाने दार उघडले तर सावध करणे, हेच त्या बझरचे काम. काकांनी दाराच्या चौकटीतील स्विच काढला, तेव्हा फाटक्या रबरी टोपीतून पावसाचे पाणी शिरून तो गंजला होता आणि दार लावल्यावर दबणारी त्याची पिन दाबूनही आतील विजेचा जोड सुटत नव्हता; म्हणून बझरला दार उघडेच असल्याचा इशारा मिळत होता. त्याची वायर सुटी करताच आवाज थांबला. नव्या स्विचच्या किमतीपलीकडे काकांनी मजुरी घेतलीच नाही.