सिकलसेलचे पत्रक छापायला जाण्याआधी दहा जणांना वाचायला द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पत्रकांना तोटा नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात आजाराचा प्रादुर्भाव असलेल्या आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी अपेक्षित आहे. पण लग्नाच्या वयाला आलेल्या मुलामुलींच्या हाती पडते त्या पत्रकात पुढे मान्यवरांचे फोटो, आत हिमोग्लोबिनचा धडा आणि तपासणीचा पत्ता शेवटच्या घडीत. हा क्रम उलटा हवा. नागपुरातले मेडिकल, मेयो की डागा यांपैकी कोणते सरकारी रुग्णालय, कोणती खोली, किती वाजेपर्यंत, उपाशी यावे लागते का (नाही!), अहवाल कोणाकोणाला दिसतो, हे आधी.

खरा घोळ निकालाचा. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची पहिली, प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली की रोगच झाला, असा समज होतो. ही चाचणी वाहक (एएस, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेला, सहसा निरोगी) आणि रुग्ण (एसएस, म्हणजे दोघांकडून दोष आलेला) वेगळे दाखवत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची चाचणी लागते. हे एक वाक्य गाळले, तर धडधाकट वाहक मुलीचे जमलेले लग्न मोडू शकते.

दोघेही वाहक असतील तर 'चारांतले एक मूल आजारी' असे कृपया छापू नका. पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तिघे सुटली, असा हिशेब लोक मांडतात. लिहा: प्रत्येक गरोदरपणात नव्याने, रुग्ण २५ टक्के, वाहक ५०, दोन्ही नाही २५. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा रुग्ण नसेल, शिवाय त्याच्यात बीटा थॅलेसेमियाचा (हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) किंवा हिमोग्लोबिनचा दुसरा कुठला दोषही नसेल, तर रुग्ण मूल होत नाही, हेही ठळक हवे. भीती घालणारे बरेच छापून येते, दिलासा देणारे हे वाक्य मात्र राहून जाते.

छपाईचे थोडक्यात. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. गडद पट्टीवर बारीक पांढरे अक्षर घेतले की अनुस्वार शाईत बुजतात. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून प्रूफ कागदावरच तपासावे. ए-४ च्या तीन पानी घडीत आत जाणारे पान २ मिमी अरुंद ठेवावे, नाहीतर ते फुगते. क्यूआर कोड निदान २ सेमीचा असावा आणि त्यातून जड पीडीएफ उघडू नये.

आणि मुख्य मागणी. मसुदा आयटीआय, वसतिगृहे, कॉलेजांतल्या १८ ते २५ वयाच्या दहा जणांना द्यावा. 'समजलं का?' विचारू नये, सगळे हो म्हणतात. 'पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता कुठे जाशील?' असे विचारावे. जिथे अडखळतील ते वाक्य बदलून नव्या दहांना द्यावे. ही अट छपाईच्या आदेशातच घालावी. त्याशिवाय छापखान्याचे बिल मंजूर होऊ नये.

आपले,
आरोग्य-शिक्षणाचे काम करणारे काही नागपूरकर