सवय शरीराला नव्हे, जिवाणूंना

‘अँटिबायोटिक लागू पडत नाही, शरीराला सवय झाली,’ असं सर्रास बोललं जातं. बदलतं ते शरीर नव्हे, जिवाणू. पेनिसिलिन जिवाणूची भिंत सांधणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) जाऊन चिकटतं. भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपण सुखरूप. यावर जिवाणूचा तोडगा म्हणजे बीटा-लॅक्टमेज: हे विकर औषधाच्या रेणूतली चौकोनी कडीच फोडतं. त्याची नोंद १९४० मध्ये झाली, म्हणजे पेनिसिलिन सर्वांच्या हाती येण्याआधीच! टेट्रासायक्लिन जिवाणूचं प्रथिन बनवणं अडवतं, तर काही जिवाणू पंप लावून ते औषधच बाहेर फेकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकरावर घाव घालतं; त्याला चुकवायला गायरेजमधला बारीकसा बदलही पुरतो. या युक्त्यांची बरीच जनुकं प्लाझ्मिडवरून, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवरून, वेगळ्या जातीच्या जिवाणूंकडेही पोहोचतात.

सर्दीच्या विषाणूला ना भिंत, ना गायरेज. तरी उरलेल्या गोळ्या सर्दीवर घेतल्या जातात. मार बसतो तो आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंना, आणि त्यांतले चिवट तेवढे मागे उरतात.

– एक वाचक