टॉवरमधली माणसे विमानांवर मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातून विमाने वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळाच्या टॉवरमध्ये, म्हणजे विमानांना उड्डाण-उतरण्याच्या सूचना देणाऱ्या कंट्रोलरच्या मनोऱ्यात, माणसे किती, हे कुणी विचारत नाही. उलट ‘मोजकी तर विमाने, एवढे कंट्रोलर कशाला पोसायचे?’ असेच ऐकू येते. मी मनमाड-मुदखेड मार्गावर स्टेशन मास्तर होतो. हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो.

चोवीस तास एक खुर्ची भरायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. एकाचे ४८ धरले तरी साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की पाच. गाड्या दोन असोत की वीस! रेल्वेत यासाठीच रेस्ट गिव्हर (साप्ताहिक सुटीवरच्याच्या जागी बसणारा), लीव्ह रिझर्व्ह (रजेवरच्याच्या जागी बसणारा) अशी पदे असतात. काटकसरीची कात्री आधी त्यांच्यावरच चालते, कारण कागदावर ती जादा दिसतात. मग उरलेल्यांना डबल ड्यूटी. कंट्रोलरचे तर आणखी अवघड: दुसरीकडून माणूस आणून लगेच बसवता येत नाही. त्या विमानतळाचे रेटिंग, म्हणजे तिथे काम करण्याची पात्रता, त्याला तिथेच, जाणत्याच्या देखरेखीखाली काम करून मिळवावे लागते.

१ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या नियंत्रण केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, त्यात मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद. जर्मनीच्या युबरलिंगेनच्या आकाशात त्याच्याच नियंत्रणाखालची दोन विमाने एकमेकांवर धडकली, ७१ जण गेले. रात्री एकानेच बसायचे, ही तिथली चालत आलेली पद्धत होती आणि वरिष्ठांना ती ठाऊक होती.

इतके लांब तरी कशाला जावे? २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले विमान बीड रस्त्यावरच्या कापसाच्या ट्रकला धडकले. ५५ माणसे गेली. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबरच, उड्डाणांच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका विमानतळ प्राधिकरणावर आला. त्या वेळेपुरती वाहने थांबवायला किती पगार लागला असता?

आमच्या खासदारांनी नव्या मार्गांबरोबर संसदेत हेही विचारावे: या दोन्ही टॉवरना मंजूर पदे किती, भरलेली किती आणि रजेवरच्या माणसाच्या जागी कोण बसते?

— एक निवृत्त स्टेशन मास्तर, परभणी